कॉर्टिसॉलचे दोन आकडे जुळत नाहीत, मग खरा कोणता?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पीएचडीसाठी रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं हार्मोन, मोजत आहात. कॉलेजमध्ये एलायझा किटवर (ठरावीक रेणूला पकडणाऱ्या अँटीबॉडीवर आधारलेली, हाताने करायची चाचणी) सरासरी १८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आली. त्यातलीच काही सॅम्पल रुग्णालयाच्या केमिल्युमिनेसन्स यंत्रावर (अँटीबॉडीचीच, पण प्रकाशाचा सिग्नल मोजणारी स्वयंचलित चाचणी) लावली, तर सरासरी १३. गाइड म्हणतात मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणू वस्तुमानावरून ओळखून मोजणारी पद्धत) करा, पण सगळ्या सॅम्पलांसाठी तेवढा निधी नाही. दोन्ही पद्धतींमधला कोरिलेशन ०.९४ आहे, तेव्हा एलायझाच्या आकड्यांना एका गुणकाने गुणून पुढे गेलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

गुणक लावू नका. मात्र एलायझा फेकून द्यायचीही गरज नाही. मी रुग्णालयाच्या बायोकेमिस्ट्री विभागात हार्मोन्सचं काम बघते आणि दोन यंत्रांचे आकडे का जुळत नाहीत हा प्रश्न आमच्याकडे कायम येतो. ‘खरा आकडा कोणता’ एवढंच विचारलं तर उत्तर अर्धवट मिळतं. त्या आकड्यावरून तुम्हाला ठरवायचं काय आहे, ते आधी पक्कं करायला हवं. कॉर्टिसॉल बनवणारी ॲड्रिनल ग्रंथी निकामी झाली आहे का हे ठरवणाऱ्या डॉक्टरला अचूक आकडा लागतो, कारण त्यावर रुग्णाला आयुष्यभर स्टिरॉइड द्यायचं की नाही हे अवलंबून असतं. तुम्हाला दोन गटांची तुलना करायची आहे. तुमचे सगळे आकडे सारखेच वर सरकले असतील तर तुलना बिघडत नाही. ते सारखे सरकले आहेत की माणसागणिक वेगवेगळे, हे मात्र तपासावं लागेल.

हा फरक येतो कुठून ते बघू. कॉर्टिसॉल हा लहानसा रेणू आहे. थायरॉइडच्या टीएसएचसारख्या मोठ्या रेणूला दोन बाजूंनी दोन अँटीबॉडी पकडू शकतात, कॉर्टिसॉलला एकाच वेळी दोन बसतच नाहीत. म्हणून एलायझा असो की केमिल्युमिनेसन्स, कॉर्टिसॉलची चाचणी स्पर्धेवर चालते. एसटीत मोजक्या जागा असतात, आधीचे प्रवासी जितके जास्त तितकी नव्यांना जागा कमी, तसं. किटमधलं खूण लावलेलं कॉर्टिसॉल आणि रुग्णाचं कॉर्टिसॉल अँटीबॉडीवरच्या त्याच जागांसाठी भांडतात. सिग्नल जितका कमी, तितकं रुग्णाचं कॉर्टिसॉल जास्त. आता त्या जागेवर कॉर्टिसॉलसारखा दिसणारा दुसरा स्टिरॉइड बसला, तर यंत्र त्यालाही कॉर्टिसॉल म्हणूनच मोजतं.

आणि असे तोतये बरेच आहेत. एवढ्या लहान रेणूविरुद्ध प्राण्याच्या शरीरात अँटीबॉडी तयार होत नाही, म्हणून कॉर्टिसॉल आधी एका मोठ्या प्रथिनाला जोडून टोचतात. जोड बहुतेकदा रेणूच्या तिसऱ्या कार्बनवर देतात. ती बाजू प्रथिनाकडे वळलेली, म्हणजे झाकलेली राहते, आणि अँटीबॉडीला तिथला बारकावा नीट कळत नाही. प्रेडनिसोलोन (औषध म्हणून दिलं जाणारं स्टिरॉइड) आणि कॉर्टिसॉल यांच्यातला फरक नेमका तिथेच आहे, तिसऱ्या कार्बनच्या शेजारी एक जादा दुहेरी बंध. त्यामुळे बऱ्याच किटना प्रेडनिसोलोन आणि कॉर्टिसॉल सारखेच वाटतात. हा दोष किती मोठा, ते प्रत्येक किटच्या अँटीबॉडीवर अवलंबून आहे. काहींत तो किरकोळ असतो, काहींत इतका की रिपोर्टचा अर्थच बदलतो.

आमच्याकडचं एक उदाहरण सांगते. सांधेदुखीने बेजार झालेले एक आजोबा आले होते. चेहरा गोल, हातांची कातडी पातळ झालेली, उठून उभं राहिलं की चक्कर. सकाळचं कॉर्टिसॉल १४ आलं, म्हणजे कागदावर सगळं ठीक. पण लक्षणं आणि आकडा यांचा मेळच बसेना. घरच्यांना खोदून विचारल्यावर कळलं, गावाकडून ‘जडीबुटीच्या’ पुड्या यायच्या आणि त्या घेतल्या की दुखणं पळून जायचं. तेच सॅम्पल मास स्पेक्ट्रोमेट्रीला पाठवलं. स्वतःचं कॉर्टिसॉल १ पेक्षाही कमी, आणि प्रेडनिसोलोन भरपूर. बाहेरून येणाऱ्या स्टिरॉइडमुळे त्यांच्या ग्रंथी झोपी गेल्या होत्या आणि आमचं यंत्र त्या पुडीलाच कॉर्टिसॉल म्हणून मोजत होतं. त्या १४ वर विसंबून कुणी पुड्या एकदम बंद करायला सांगितल्या असत्या तर आजोबांच्या जिवावर बेतलं असतं.

तुमच्या परिचारिका पुड्या घेत नसतील. पण दम्याचा पंप, गुडघ्यात घेतलेलं इंजेक्शन आणि गोरेपणासाठी मेडिकलमधून आणलेलं क्रीम, या तिन्हींत स्टिरॉइड असतं किंवा असू शकतं. बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोन असेल तर किट त्याला सहसा कॉर्टिसॉल समजत नाही, पण ते शरीरातलं खरं कॉर्टिसॉल दाबून टाकतं. म्हणजे एका स्टिरॉइडने आकडा खोटा वर जातो आणि दुसऱ्याने खरोखरच खाली येतो. प्रश्नावलीत फक्त ‘स्टिरॉइड घेता का’ असं विचारलंत तर सगळ्या ‘नाही’ म्हणतील. क्रीमचं नाव विचारा, ट्यूबचा फोटो मागा.

दुसरं कारण रक्तातल्या प्रथिनांचं. रक्तातलं मोकळं कॉर्टिसॉल साधारण ५ टक्के. बाकीचं बहुतांश कॉर्टिसॉल-बाइंडिंग ग्लोब्युलिन या प्रथिनाला आणि उरलेलं अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं. ताणाचा खरा परिणाम करतं ते मोकळं कॉर्टिसॉल, पण या सगळ्या चाचण्या मोजतात एकूण. गर्भनिरोधक गोळ्यांमधल्या इस्ट्रोजेनने आणि गरोदरपणात हे ग्लोब्युलिन वाढतं, त्याबरोबर एकूण कॉर्टिसॉलही वाढतं. बाई जराही जास्त ताणात नसते, तरी आकडा चढलेला दिसतो. शिवाय किटमध्ये कॉर्टिसॉलला प्रथिनापासून सोडवण्याचं जे रसायन असतं ते अशा सॅम्पलमध्ये अपुरं पडू शकतं. ते किती अपुरं पडेल हे किटनुसार बदलतं, म्हणून दोन पद्धतींमधला फरकही या बायकांमध्ये वेगळाच निघतो. तुमचा गट तरुण स्त्रियांचा आहे, त्यामुळे हा मुद्दा तुमच्याकडे कळीचा आहे. गोळ्या घेणाऱ्यांचं विश्लेषण वेगळं करा किंवा त्यांना अभ्यासात घेऊच नका. गोळ्या थांबवल्यावर ग्लोब्युलिन पूर्ववत व्हायला सुमारे ६ आठवडे लागतात, त्यामुळे ‘गेल्या आठवड्यातच बंद केल्या’ हे पुरेसं नाही.

तिसरं कारण कॅलिब्रेशनचं, आणि तुमच्या १८ आणि १३ मधला मोठा वाटा इथलाच असावा असा माझा कयास आहे. कुठलंही किट आकडा देतं ते स्वतःच्या कॅलिब्रेटरवरून, म्हणजे कॉर्टिसॉलचं प्रमाण आधीच माहीत असलेल्या नमुन्यावरून. त्या कॅलिब्रेटरची किंमत कशावरून ठरवली, हे किटच्या इन्सर्टमध्ये (सोबतच्या माहितीपत्रकात) छापलेलं असतं. चांगली किट मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या संदर्भ पद्धतीशी बांधलेली असतात. अनेक स्वस्त एलायझा किटमध्ये याबद्दल एक ओळही सापडत नाही. कंपनी एकच असली तरी निर्धास्त राहता येत नाही. रोश कंपनीने आपलं जुनं कॉर्टिसॉल किट बदलून दुसऱ्या पिढीचं आणलं, तेव्हा अँटीबॉडीही बदलली आणि कॅलिब्रेशन संदर्भ पद्धतीशी जोडलं. त्याच रक्ताचे आकडे ठळकपणे खाली आले. परिणामी एसीटीएचचं (ॲड्रिनलला कॉर्टिसॉल बनवायला लावणारं हार्मोन) इंजेक्शन देऊन जी चाचणी करतात, तिच्यात ‘१८च्या वर म्हणजे ग्रंथी ठीक’ हा पाठ केलेला नियम नव्या किटवर लागू पडेना. नव्या किटसाठी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी ही सीमा १४ ते १५च्या घरात येते. जुनाच आकडा धरून बसलं तर निरोगी माणसांना ॲड्रिनलचे रुग्ण ठरवलं जातं.

१८ ते २०ची ती जुनी सीमा आली कुठून, हेही बघण्यासारखं आहे. १९५० साली पोर्टर आणि सिल्बर यांनी रंगाच्या रासायनिक क्रियेवर आधारित पद्धत दिली. १९६२ साली मॅटिंग्लीची फ्लुरोमेट्री आली आणि ती सोपी असल्यामुळे सगळीकडे पसरली. या पद्धतीत कॉर्टिसॉलबरोबर कॉर्टिकोस्टेरॉन आणि इतरही काही पदार्थ चमकतात, म्हणजे आकडा वरच राहतो. ती सीमा त्या काळातली. पुढे रेडिओइम्युनोॲसे आली, मग एलायझा, मग केमिल्युमिनेसन्स. पद्धती बदलल्या, पाठ्यपुस्तकातला आकडा तसाच पुढे आला. म्हणून तुमच्या प्रबंधात जुन्या पेपरमधले आकडे शेजारी ठेवाल तेव्हा प्रत्येकापुढे पद्धत लिहा, आणि एककही तपासा. नॅनोमोल प्रति लिटरमधला आकडा २७.५९ने भागला की मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर मिळतात.

एलायझा आणि केमिल्युमिनेसन्स यांच्यात तत्त्वाचा फरक नाही, फरक हाताचा आहे. यंत्र प्रत्येक सॅम्पल त्याच वेळेत, त्याच तापमानात चालवतं. एलायझाच्या प्लेटमध्ये ९६ घरं असतात. पहिल्या घरात सॅम्पल टाकल्यापासून शेवटच्या घरात टाकेपर्यंत वेळ जातो, कडेच्या घरांतलं द्रव थोडं लवकर सुकतं, आणि धुताना एखाद्या घरात बुडबुडा राहतो. स्वयंचलित यंत्रावर रोजचा चढउतार ५ टक्क्यांच्या आसपास ठेवता येतो. एलायझात दोन प्लेटमधला फरक १० टक्क्यांच्या आत राखला तरी मी त्या विद्यार्थ्याचं कौतुक करते. रात्रपाळीवाल्या सगळ्या पहिल्या प्लेटवर आणि दिवसपाळीवाल्या दुसऱ्या प्लेटवर, असं केलं असेल तर तुमचा निष्कर्ष ताणाचा आहे की प्लेटचा, हे कुणालाही सांगता येणार नाही. दोन्ही गट प्रत्येक प्लेटवर मिसळून लावा, सगळी किट एकाच लॉटची घ्या, आणि उरलेलं सीरम एकत्र करून त्याचे छोटे भाग गोठवून ठेवा. त्यातला एक भाग दर प्लेटवर लावत जा. त्यावरून कुठली प्लेट बिघडली ते लगेच दिसतं.

आता मास स्पेक्ट्रोमेट्री. तिथे सीरममध्ये आधी ड्युटेरियमने (जड हायड्रोजनने) जड केलेलं कॉर्टिसॉल ठरावीक प्रमाणात मिसळतात. मग प्रथिनं काढून टाकतात, त्यामुळे ग्लोब्युलिनचा प्रश्न उरत नाही. पुढे कॉलममधून एकेक स्टिरॉइड वेगळा होतो आणि यंत्र ३६३ वस्तुमानाचा आयन पकडून, तो फोडून, १२१चा तुकडा मोजतं. अँटीबॉडी लागतच नाही. तयारीत काही वाया गेलं तर जड कॉर्टिसॉलही त्याच प्रमाणात वाया जातं, म्हणून गुणोत्तर टिकतं. माझ्या मते आज नेहमीच्या वापरातली सर्वांत भरवशाची पद्धत हीच. पण ती आंधळेपणाने मान्य करण्यासारखीही नाही. प्रेडनिसोलोनचा आयन ३६१चा असला तरी त्याच्या रेणूंतला एक लहान हिस्सा नैसर्गिकरीत्या दोनने जड, म्हणजे ३६३चाच असतो. कॉलमवर दोघांना नीट वेगळं केलं नाही, तर इथेही तोच तोतया आत शिरतो. शिवाय बऱ्याच प्रयोगशाळा कॅलिब्रेटर स्वतः बनवतात, त्यामुळे दोन ठिकाणच्या मास स्पेक्ट्रोमेट्रीतही फरक येतो. पाठवण्याआधी विचारा: प्रेडनिसोलोन वेगळं काढता का, आणि बाहेरच्या गुणवत्ता-तपासणी योजनेत भाग घेता का?

आता कोरिलेशन ०.९४. हा आकडा बघून निश्चिंत होऊ नका. दोन पद्धती एकत्र वर-खाली होतात, एवढंच त्यातून कळतं. आकडे जुळतात की नाही हे कळत नाही. एक पद्धत दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट दाखवत असेल तरी कोरिलेशन १ येईल. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ साली हे नीट मांडलं आणि सोपा उपाय दिला: प्रत्येक सॅम्पलच्या दोन आकड्यांची सरासरी आडव्या अक्षावर, त्यांच्यातला फरक उभ्या अक्षावर. जोडीला पॅसिंग-बॅब्लॉक रिग्रेशन (दोन पद्धतींमधलं नातं रेषेने काढायची रीत) करा.

त्या आलेखात काय शोधायचं ते सांगते. समजा फरक सगळीकडे ५च आहे, १८चे १३ आणि ८चे ३. तुम्ही १३ भागिले १८, म्हणजे ०.७२ हा गुणक लावलात, तर ८चे ५.८ होतील, आणि हे खऱ्या आकड्याच्या जवळपास दुप्पट आहे. रात्रपाळीत संध्याकाळची किंवा मध्यरात्रीची सॅम्पल असतील तर तिथे आकडे मुळातच लहान, त्यामुळे चूक नेमकी तिथेच फुगते. फरक आकड्याबरोबर वाढत जात असेल तर दोष कॅलिब्रेशनचा आणि गुणकाचा निदान विचार तरी करता येतो. पण ठिपके पंख्यासारखे पसरले असतील, काही जणींत फरक २ आणि काही जणींत ९, तर त्या बायकांच्या रक्तात काहीतरी वेगळं आहे. तिथे कुठलंच सूत्र चालणार नाही. त्या सॅम्पलांची प्रश्नावली काढून बघा, गोळी, क्रीम, पंप यांपैकी काहीतरी बहुधा सापडेल. केसांच्या आणि नखांच्या गोळ्यांबद्दलही विचारा. त्यांत बायोटिन मोठ्या प्रमाणात असतं आणि काही यंत्रं बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिन या एकमेकांना घट्ट चिकटणाऱ्या जोडीवर चालतात. कॉर्टिसॉलच्या स्पर्धेवर चालणाऱ्या चाचणीत बायोटिनमुळे आकडा खोटा वर जातो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ साली याबद्दल इशारा दिला, त्यानंतर अनेक किट सुधारली गेली, तरी रक्त घेण्याआधी दोन-तीन दिवस त्या गोळ्या बंद ठेवायला सांगणं केव्हाही बरं.

सगळी सॅम्पल मास स्पेक्ट्रोमेट्रीला पाठवायची गरज नाही. पद्धतींच्या तुलनेसाठी किमान ४० सॅम्पल हा प्रयोगशाळांचा रिवाज आहे. ती नशिबावर निवडू नका. एलायझावर सर्वांत कमी आलेली, मधली आणि सर्वांत जास्त आलेली, अशी सगळ्या पट्ट्यातून उचला. गोळ्या घेणाऱ्या काही जणी मुद्दाम घ्या. ४०चा खर्च निधीत बसेल, आणि गाइडना दाखवायला ठोस आधारही हाती येईल.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण माझ्या लेखी तीच सर्वांत मोठी. कॉर्टिसॉल सकाळी सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं. दिवसपाळीची परिचारिका झोपून उठून ८ वाजता रक्त देते आणि रात्रपाळीची परिचारिका तेव्हा १२ तास उभी राहून घरी निघालेली असते. घड्याळात दोघींचे ८च वाजलेत, शरीरात नाही. दोन-चार रात्रींत शरीराचं घड्याळ पूर्ण फिरतही नाही. शिवाय एकाच निरोगी माणसाचं त्याच वेळेचं कॉर्टिसॉल रोज साधारण १५ ते २० टक्क्यांनी इकडेतिकडे होतं. दोन पद्धतींमधल्या फरकापेक्षा हा गोंधळ तुमचा निष्कर्ष जास्त हलवेल. शेवटची झोप कधी, किती तास, सलग कितवी रात्रपाळी, हे प्रत्येक नळीसोबत नोंदवलेलं आहे का? नसेल तर आजच फोन करून विचारून घ्या, आठवडाभराने कुणालाच आठवणार नाही. शीर सापडली नाही म्हणून दोन-तीनदा टोचलं असेल तर तेही लिहा. पहिल्या टोचणीच्या दुखण्याचा परिणाम काही मिनिटांनी कॉर्टिसॉलमध्ये उतरू लागतो.

ॲड्रिनलिनही मोजावं का, असं तुम्ही ओझरतं विचारलं आहे. या अभ्यासात नको. रक्तात त्याचं अर्धायुष्य २ मिनिटांच्या आसपास असतं. सुई बघूनच ते वाढतं. कॅन्युला लावून माणसाला २० ते ३० मिनिटं आडवं ठेवायचं, नळी बर्फात, थंड सेंट्रिफ्यूज, लगेच गोठवणं, आणि नंतर एचपीएलसी किंवा मास स्पेक्ट्रोमेट्री. वॉर्डाच्या दारात हे जमत नाही. एसीटीएचचंही तसंच, जांभळ्या टोपणाची थंड नळी आणि घाई. कॉर्टिसॉल त्या मानाने सोशिक आहे, साध्या सीरममध्ये आणि फ्रिजमध्ये काही दिवस टिकतं, म्हणून तुमची गोठवलेली सॅम्पल वाया गेलेली नाहीत. फक्त पुन्हापुन्हा वितळवू नका.

तुमचं नेमकं किट कोणतं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून कॅलिब्रेशनबद्दल मी अंदाजच बांधला आहे. इन्सर्टमधलं क्रॉस-रिॲक्टिव्हिटीचं (किट कोणत्या तोतयाला किती फसतं याचं) कोष्टक आणि कॅलिब्रेटर कशाशी बांधला आहे ती ओळ, या दोन्हींचे फोटो टाका. दोन्हीकडे लावलेल्या सॅम्पलांचा ब्लँड-ऑल्टमन आलेखही काढून ठेवा. तो पंख्यासारखा निघाला तर गुणकाचा विषय तिथेच संपला, आणि मग ४० सॅम्पलांमध्ये कोणत्या जणी घ्यायच्या ते आपण त्या यादीवरूनच ठरवू.